ताटापाशी कोण बसणार?

आमच्या नळदुर्गात एखादं माणूस चार-सहा महिन्यांत बारीक झालं की बघणाऱ्याच्या मनात आधी आजार येतो. शुगर असेल, टीबी असेल, नाहीतर घरात काही बिनसलं असेल. बसस्टँडवर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात प्रश्न येतो, "काय हो, लई वाळलात, बरं हाय ना?" त्यावर "वजन कमी करायचं ऑपरेशन केलं" असं सरळ सांगणारं माणूस आपल्या भागात विरळाच. "जरा डायट करतेय," "सकाळी किल्ल्याकडं फिरायला जातो," असं म्हणून विषय बदलला जातो. लाखांच्या घरात खर्च झालेला असतो, भूल घेतलेली असते, पोटाची रचना कायमची बदललेली असते, आणि एवढी मोठी गोष्ट शेजारच्या घराला कळू द्यायची नसते. लपवलेल्या गोष्टीबद्दल कोणाला विचारता येत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या वर्षांत तर पावलोपावली विचारावं लागतं.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सर्जन करतो. त्यानंतर कसं जेवायचं, आग्रहाला नाही कसं म्हणायचं, बदललेलं शरीर घेऊन घरात कसं वावरायचं, हे शिकवणं त्या वाटेनं आधी गेलेल्या माणसालाच जमतं. ते काम आपण अजून कोणाकडे सोपवलेलंच नाही, हे माझं म्हणणं आहे. मोठ्या शहरांत थोडंफार होतं. नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातलं माणूस मात्र सोलापूरहून, पुण्याहून किंवा हैदराबादहून डिस्चार्ज घेऊन हायवेनं घरी आलं की एकटं पडतं.

या शस्त्रक्रियेबद्दलचा एक गैरसमज आधी बाजूला करायला हवा. "आळशी माणसाची पळवाट" असं तिला सर्रास म्हटलं जातं. स्लीव्ह प्रकारात जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला जोडतात. भूक जागी करणारी संप्रेरकंही त्यामुळे बदलतात. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचा धोका, तशाच पण शस्त्रक्रिया न केलेल्या गटापेक्षा, सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. बेसुमार वाढलेल्या वजनामुळे ज्याला झोपेत श्वास अडकून जाग येते, ज्याची साखर कशानंच आटोक्यात येत नाही, त्याच्यासाठी हा उपचार आहे. विमा नियामकानंही २०१९ च्या सूचनांत त्याला उपचार म्हणून मान्यता दिली आणि अटी घातल्या: वय १८ च्या वर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) किमान ४०, किंवा गंभीर आजार सोबत असतील तर ३५, आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असावेत. भारतीय शरीरात कमी वजनालाच मधुमेह जडतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी उंबरठा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणला आहे. हे सगळे आकडे दारातून आत कोणाला घ्यायचं ते ठरवतात. आत गेलेल्या माणसानं पुढची तीस वर्षं कशी काढायची, याबद्दल ते काही सांगत नाहीत.

आपल्या सार्वजनिक चर्चेतही तेच झालं. २०११ मध्ये नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली आणि हा विषय मराठी वर्तमानपत्रांत आला. २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद ही बाई मालवाहू विमानातून मुंबईत आली, तिचं वजन पाचशे किलो असल्याचं सांगितलं गेलं, आणि महिनोन्‌महिने बातम्यांत फक्त किलो मोजले गेले. आज किती उतरले, काल किती होते. पुढे तिच्या बहिणीनं रुग्णालयाच्या दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतले, रुग्णालयानं ते फेटाळले, इमानला अबू धाबीला हलवलं गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. तो वाद मी पुन्हा उकरत नाही. इमानला काय हवं होतं, तिला कशाची भीती वाटत होती, हे आपल्यापैकी कोणालाच कळलं नाही, एवढंच मला आठवतं. तिच्यासारख्या प्रसंगातून गेलेलं, तिची भाषा बोलणारं कोणी तिच्या खाटेजवळ असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नळदुर्गात तर जाड शरीराचा इतिहासच वेगळा आहे. हा दुष्काळी मुलूख. १९७२ ची आठवण असलेली माणसं अजून घरोघरी आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन, मिलोच्या लाल भाकरी गिळून ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या लेखी अंगानं भरलेली सून म्हणजे खात्यापित्या घराची खूण, आणि बाळसं धरलेलं नातवंड म्हणजे देवाची कृपा. अशा आजीनं वाढलेलं ताट तीन घासांत बाजूला सारणं म्हणजे काय होतं, हे शहरातल्या आहारतज्ज्ञाला तक्त्यात मांडता येत नाही. आजीचंही चुकत नाही. अन्न उरवणं हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपराध होता. तिला पटवायचं तर ती जिचं ऐकेल अशी बाई हवी. डॉक्टरनं लिहून दिलेला कागद तिथे चालत नाही.

समजा, नळदुर्गातली अडतीस वर्षांची एक बाई स्लीव्हचं ऑपरेशन करून घरी आली आहे. तिच्या हातात एक छापील चार्ट आहे. पहिले काही दिवस पाण्यासारखं पातळ, मग दोनेक आठवडे जरा दाट पातळ, मग वाटून गुळगुळीत केलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं. चार्ट बरोबरच असतो. त्यात सूप, ओट्स, टोफू असं काहीतरी असतं, आणि तिच्या चुलीवर ज्वारी, तूर, मूग, मटकी, शेंगदाणे असतात. चार्टचं या स्वयंपाकघरात भाषांतर कोण करणार? मुगाचं कढण गाळून घे, ज्वारीचं आंबील ताकात पातळ कर, कटाच्या आमटीतलं तिखट आधी बंद कर, कडक भाकरीचा विचार इतक्यात नको आणि पुढेही भाकरी वरणात कुस्करून, भिजवून, बोटभर घासानं खा, हे तिला तीच सांगू शकते जिनं असंच शेंगाची चटणी असलेलं घर सांभाळून हे दिवस काढलेत.

प्रथिनांचं गणित तर रडवणारं असतं. डॉक्टर सांगतात, दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन गेलंच पाहिजे. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, पेलाभर दुधात तेवढंच. आणि एका वेळी पोटात मावतं चार-पाच चमचे. घर लिंगायत किंवा जैन असेल तर अंडं बाद. मग दह्याचा चक्का, पनीर, दुधात दूधपावडर, सांगितली असेल तर प्रोटीनची पावडर, आणि ताटात पहिला घास नेहमी डाळीचा किंवा पनीरचा, भात अगदी शेवटी. हा क्रम पाळायला कोणी सांगितलं तर तो सोपा. कोणी सांगितलं नाही तर बाई वरणभातातला भातच आधी खाते, पोट भरतं, आणि तीन महिन्यांनी केस पुंजक्यानं हातात येतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बऱ्याच जणींना होतं आणि खाणं नीट असेल तर ते पुन्हा येतात. हे आधीपासून माहीत असलेली बाई धीर धरते. नसलेली घाबरते, आणि घरातून "सांगितलं होतं ना, नको करू म्हणून" हे वाक्य ऐकत राहते.

पाण्याचंही तसंच. जेवताना तांब्या शेजारी घेऊन बसायची आपली सवय. आता जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर हवं, आणि तांब्या तोंडाला लावून घटाघट पिणं तर संपलंच. एप्रिल-मे महिन्यात इथलं ऊन चाळिशी ओलांडतं. शेतात जाणाऱ्या बाईनं घोटघोट करत दिवसभर पाणी पोटात कसं घालायचं, यावर आधी गेलेल्या बाईचा एक उपाय दहा सूचनांच्या बरोबरीचा आहे.

उपवास हा आणखी अवघड विषय आहे. तुळजापूर इथून पस्तीस किलोमीटरच्या आत. नवरात्राचे नऊ दिवस या भागातल्या असंख्य बायका कडक उपवास धरतात. ऑपरेशनच्या पहिल्या वर्षात साबुदाणा आणि भगर यांवर नऊ दिवस काढणं म्हणजे शरीराला पिठाचा गोळा देऊन प्रथिनांसाठी उपाशी ठेवणं. डॉक्टर "उपवास करू नका" म्हणतो आणि मोकळा होतो. सासूसमोर ते वाक्य टिकत नाही. "मी औंदा देवीला सांगूनच दूध-दही घेऊन उपवास केला, आई रागावली नाही," असं एखादी थोरली बाई म्हणाली, तर तो प्रश्न स्वयंपाकघरातच सुटतो. चंपाषष्ठीचं भरीत-रोडगं, आखाडातलं मटण, पुरणपोळी, थंडीतला हुरडा, या सगळ्याला एकेक उत्तर लागतं. बायपास झालेल्यानं गोडाचा मोठा घास घेतला की छाती धडधडते, घाम सुटतो, पोट ढवळून निघतं, आणि लग्नाच्या पंगतीत तसं झालं तर लाजेनं जीव जातो. कुठल्या पंगतीत काय म्हणायचं, ताटात किती वाढू द्यायचं, खाल्ल्यासारखं कसं दाखवायचं, ही युक्तीची भाषा शिकवायला माणूसच लागतो.

जगभरात ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत बायका जास्त असतात, म्हणून मी बाईचंच उदाहरण घेतलं. पण बाईचं एक दुखणं यापलीकडचं आहे, आणि त्यावर आपल्याकडे एक शब्द बोलला जात नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस जाण्याची शक्यता वाढते. वैद्यकीय सल्ला असा की वजन झपाट्यानं उतरत असतानाच्या काळात, म्हणजे बारा ते अठरा महिने, गर्भ राहू देऊ नये, कारण आईलाच पुरेसं पोषण मिळत नसतं. आता नव्या सुनेनं हे घरात कसं सांगायचं? कित्येकदा ऑपरेशनच मुळी "मूल होत नाही" म्हणून केलेलं असतं. पहिल्या सहा महिन्यांतच सासू वाट बघायला लागते. गर्भनिरोधक गोळी बायपासनंतर नीट शोषली जाईल याची खात्री नसते, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरशी बोलून ठरवावा लागतो. हे बोलणं मुलगी सर्जनसमोर लाजेनं टाळते, आईसमोर टाळते, आणि नवऱ्याला तर ते आपलं कामच वाटत नाही. तिच्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्या बाईजवळ ती ते फोनवर, रात्री, हळू आवाजात बोलेल. लग्न न झालेल्या मुलीची गोष्ट आणखी वेगळी. पोटावरचे चार-पाच छोटे व्रण लग्न ठरवताना सांगायचे की नाही, याचं उत्तर मीही देऊ शकत नाही. ते तिनंच ठरवायचं. पण ठरवण्याआधी दोघीतिघींनी काय केलं आणि पुढे काय झालं, हे तिला ऐकायला मिळावं.

आधी सोसलेल्या माणसानं दुसऱ्याला वाट दाखवायची, हा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा जमीनदोस्त झाला. नंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. स्वतः भूकंप सोसलेल्या बायका दुसऱ्या घरी जाऊन भिंत कशी बांधायची, हप्ता कसा मिळवायचा हे सांगत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा आपल्याच भागातल्या बायका तिकडं गेल्या. भाषा वेगळी, वेश वेगळा, तरी त्यांचं बोलणं तिथल्या बायकांना समजलं. आणि अगदी शेजारी, अणदूरला, हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. गावातली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते हे त्यांनी नळदुर्गपासून हाकेच्या अंतरावर दाखवून दिलं. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' व्यसनमुक्तीचं काम करतं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं स्वतः कार्यकर्ते होतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. व्यसनी माणसाला व्यसनातून सुटलेला माणूस लागतो हे महाराष्ट्रानं मान्य केलंय. मग पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला अजून सोबती का नाही?

डॉक्टर मंडळींचा यावर एक आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. अनुभवी माणूस आपला अनुभव सगळ्यांना लावतो. "मलाही उलट्या झाल्या होत्या, आपोआप थांबल्या," हे वाक्य जीव घेऊ शकतं. सतत होणाऱ्या उलट्यांत शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपतं, आणि त्यातून मज्जातंतूंना, मेंदूला कायमची इजा होते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ताप, नाडीची धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळ, श्वासाला त्रास, यांतलं काहीही झालं तर टाके गळत असल्याची शंका घ्यायची आणि रात्र असली तरी गाडी करून ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जायचं. तिथे सोबत्याचं काम एकच, "आत्ता निघा" म्हणणं. गोळ्यांचा डोस, इंजेक्शन, रक्ततपासणीचा अर्थ, यांना सोबत्यानं हातसुद्धा लावायचा नाही. "डॉक्टरनं मेडिकलवरच्या कंबरदुखीच्या गोळ्यांना मनाई केली आहे, बायपासवाल्याला त्यानं पोटात व्रण होतात, फार्मसीवाल्याला तुझं ऑपरेशन सांग," हे मात्र त्यानं जरूर सांगावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, हेही. तंबाखू-मिश्री सोडायला सांगितलंय, ते खरंच सोड, हेही. डॉक्टरनं सांगितलेलं, पण रुग्णाच्या कानावरून गेलेलं, पुन्हा घरच्या भाषेत सांगणं एवढीच त्याची हद्द.

आपल्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन, नळदुर्गला आणि अणदूरला. देव वर्षातले सुमारे दोन महिने इकडे आणि बाकीचे तिकडे राहतो, आणि नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. कोणाचा हक्क कुठे संपतो ते लिहिलेलं असतं म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या निभावलं. डॉक्टर आणि सोबती यांच्यातही असा करार हवा, आणि तोही लेखी.

अनुभवाच्या आंधळेपणाचं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांची दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत व्हॉट्सअॅप गटांतून गावोगाव पोहोचली. त्या गटांची ताकद मी मानतो. एकमेकांचा कमरेचा घेर, साखर विचारणारी, धीर देणारी माणसं त्यातून उभी राहिली. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला शेजारी जेव्हा "दोनदाच खा" असं सांगतो तेव्हा तो घात करतो. त्याच्या पोटात दोनदा खाऊन प्रथिनं पुरी होणंच शक्य नाही, त्याला थोडंथोडं अनेकदा खावं लागतं. म्हणूनच वजन कमी करणाऱ्यांचा कुठलाही गट त्याच्या उपयोगाचा नसतो. त्याच्यासारखंच जठर असलेल्यांचा गट लागतो.

दुसऱ्या आक्षेपाची मला जास्त धास्ती आहे, आणि तो कोणी घेत नाही. रुग्णालयानं चालवलेला गट हळूहळू जाहिरात होऊन बसतो. आधीचा आणि नंतरचा फोटो, टाळ्या, "सरांमुळे माझं आयुष्य बदललं". तिथे वीस किलो उतरलेलाच बोलतो. खरा सोबती ऑपरेशनच्या आधी भेटायला हवा, आणि त्याला "तू हे करू नकोस, निदान आत्ता नको" असं म्हणण्याची मोकळीक हवी. ज्या माणसाच्या घरात कोणीच तयार नाही, जो दारू सोडायला राजी नाही, जो दर सहा महिन्यांनी तपासणीला जाणार नाही हे त्यालाही माहीत आहे, त्याला थांबवणं हीसुद्धा मदत आहे. रुग्णालयाच्या पैशावर चालणारा गट हे म्हणेल का? म्हणून बैठकीची जागा, वेळ, बोलण्याची पाळी हे रुग्णांच्या हातात असावं आणि सर्जननं बोलावलं तरच यावं, असं माझं मत आहे.

आणि वजन पुन्हा वाढतं त्याचं काय? पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळं छान असतं. मग काट्यावरचा आकडा थांबतो, आणि पुष्कळ जणांचं थोडंफार वजन परत येतं. हे शरीराच्या स्वभावात आहे. भूक हळूहळू परत येते, पोटाला सवय होते, फरसाण आणि चहा-बिस्किटं लहान पोटातूनही सहज उतरतात. नेमक्या याच वेळी माणूस गटात यायचं बंद करतो. त्याला वाटतं आपण नापास झालो. फोन उचलत नाही, तपासणीला जात नाही, बी-१२ चं इंजेक्शन चुकतं, लोह कमी होतं, थकवा येतो, आणि थकव्यानं चालणंही बंद पडतं. एखाद्या गटाची परीक्षा करायची तर तिथे दहा किलो परत वाढलेला माणूस किती सहज येऊन बसतो ते बघावं. जे गट फक्त उतरलेल्या वजनाचं कौतुक करतात ते सर्वांत गरजू माणसाला दाराबाहेर ठेवतात. मला तर वाटतं बैठकीत वजनकाटाच नसावा.

अशा गटांमुळे वजन खरंच जास्त उतरतं का? काही अभ्यासांत नियमित येणाऱ्यांचं जास्त उतरलेलं दिसतं. पण नियमित येणारा माणूस मुळातच नेटका असू शकतो, तेव्हा सगळं श्रेय गटाला देऊ नये. माझा मुद्दा किलोवर टिकलेला नाही. ऑपरेशननंतर आयुष्यात जी उलथापालथ होते तिचे पुरावे मात्र भक्कम आहेत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षात दारूच्या समस्येचं प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं, आणि ते बायपासवाल्यांत जास्त. बायपासनंतर दारू फार वेगानं रक्तात जाते. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे, ढाबे रांगेनं आहेत. एका पेगमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त नशा होते, हे कोणीतरी त्या माणसाला डोळ्यांत डोळे घालून सांगायला हवं. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या अभ्यासात स्वतःला इजा करून आपत्कालीन विभागात येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर सुमारे दीडपट झालं होतं. स्वीडनमधल्या २०१८ च्या अभ्यासात एकट्या माणसांची लग्नं वाढली आणि लग्न झालेल्यांचे घटस्फोटही वाढले. शरीर बदललं की नाती पुन्हा मांडावी लागतात. जी बाई वीस वर्षं कोपऱ्यात बसली ती आता पुढे येऊन बोलते, नवऱ्याला ते झेपत नाही. जो माणूस दुःख झालं की खायचा, त्याचं खाणं काढून घेतलं, पण दुःख तिथंच राहिलं. यावर आहाराच्या तक्त्यात रकाना नसतो.

२०२५ पासून भारतात मौंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. त्यांच्यामुळे काही जणांची शस्त्रक्रिया टळेल. आग्रह, पंगत, उपवास, "वाळलात का" हे प्रश्न मात्र टळणार नाहीत. उलट ते जास्त घरांत शिरतील.

छोट्या गावात गट उभारायचा तर गुपिताचा मान राखावाच लागेल. नळदुर्गात बैठक बोलावली तर कोणी येणार नाही. कोण कोणाच्या दारात शिरलं हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट गेला की मुलीचं लग्न मोडू शकतं. त्यावर माझ्या डोक्यात एक अगदी साधा मार्ग आहे. तुळजापूरला कोणी का गेलं, असं या भागात कोणी विचारत नाही. महिन्यातून एका मंगळवारी तिथे, दर्शनाच्या निमित्तानं, पाच-सात जणांनी बसावं. नवऱ्याला, सासूला सोबत आणलं तर फारच चांगलं, कारण त्या दोघांनाही सोबती लागतो. ज्यांना तेही नको त्यांना फोन आहे. एकास एक, नाव न सांगता चालेल, पण बोलणारा माणूस तोच राहावा.

सोलापूर, पुणे, हैदराबादच्या सर्जनांना माझी विनंती आहे. आमच्या तालुक्यातला रुग्ण घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा. तुम्ही आधी ऑपरेशन केलेल्या, याच भागात राहणाऱ्या आणि परवानगी दिलेल्या एका माणसाचा फोन नंबर तिथे लिहा. आणि नळदुर्ग, अणदूर, तुळजापूरकडच्या ज्यांनी कोणी हे ऑपरेशन करून दोन-चार वर्षं काढली आहेत, त्यांना: गावाला सांगू नका, हरकत नाही. पण तुमच्या डॉक्टरला फोन करून एवढं कळवा की माझा नंबर दिला तरी चालेल.